बोलायला घाबरणाऱ्या माणसाने पृथ्वीचं वजन काढलं. हेन्री कॅव्हेंडिशची गोष्ट

अठराव्या शतकातलं लंडन. दर गुरुवारी रॉयल सोसायटीच्या क्लबात शास्त्रज्ञ एकत्र जेवायचे. तिथे हेन्री कॅव्हेंडिश न चुकता यायचा. अंगात जुन्या फॅशनचा, रंग उडालेला जांभळट कोट. कुणी थेट समोर येऊन बोललं की गडी तिथून गायब!

मग बाकीच्यांनी एक युक्ती काढली. त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारी उभं राहून हवेत बोलल्यासारखा विषय काढायचा. विषय विज्ञानाचा असला की उत्तर मिळायचं, तेही नेमकं.

कोण होता हा माणूस?

जन्म १७३१ चा. घराणं इंग्लंडमधल्या बड्या उमरावांचं. दोन वर्षांचा होण्याच्या थोडं आधी आई गेली. केंब्रिजमध्ये शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. घरातल्या नोकर बायकांशी तो बोलत नसे, जेवणात काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. स्वतःच्याच लायब्ररीतून पुस्तक घेतलं तरी रजिस्टरमध्ये नोंद करायचा.

काम काय केलं?

१७६६ मध्ये त्याने हायड्रोजन हा वेगळा वायू असल्याचं दाखवलं. पुढे पाणी हे मूलद्रव्य नसल्याचं त्याच्या प्रयोगांतून दिसलं. १७९७-९८ मध्ये शिशाचे गोळे आणि एक नाजूक तराजू घेऊन त्याने पृथ्वीची घनता मोजली. हवेची झुळूकही लागू नये म्हणून खोली बंद, आणि हा बाहेरून दुर्बिणीतून बघतोय! त्याचा आकडा पाण्याच्या ५.४८ पट होता. आजचा ५.५१ आहे.

१८१० मध्ये तो गेला. विजेवरचं बरंचसं काम त्याने छापलंच नव्हतं. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याच्या वह्या छापल्या, तेव्हा कळलं की कूलोम आणि ओहमच्या नावावरचे नियम याला आधीच सापडले होते.

मग ऑटिझमचा संबंध काय?

१८५१ मध्ये जॉर्ज विल्सनने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात कॅव्हेंडिश म्हणजे भावनाच नसलेला माणूस. काय काय 'नव्हतं' याची यादीच. दीडशे वर्षांनी, २००१ मध्ये, न्यूरोलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्सने तीच लक्षणं पुन्हा वाचली आणि तो ऑटिस्टिक असावा असं मांडलं. मेलेल्या माणसाचं निदान पक्कं करता येत नाही, हे खरं. पण ज्याला विक्षिप्तपणा म्हटलं गेलं, ती मेंदूची वेगळी ठेवण असू शकते, हे त्यातून पुढे आलं.

कॅव्हेंडिशकडे पैसा होता. चिठ्ठ्या समजून घेणारे नोकर होते, शांत घर होतं, नजर न भिडवता बोलणारे मित्र होते. त्याला कुणी बदलायला गेलं नाही, लोकांनी आपली बोलायची पद्धत बदलली.

आज आपल्या आसपासची ऑटिस्टिक मुलं पृथ्वीचं वजन काढतीलच असं नाही, आणि तशी अटही नको. पण हवेकडे बघून बोलायची ती युक्ती फुकट आहे, ती कुणालाही जमेल.