बाळू पालवणकर

डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडला, म्हणजे आपल्याच कर्नाटकात, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील पुण्यात लष्कराकडे नोकरीला होते. शाळा-कॉलेजच्या संघातून पुढे येण्याची वाट बाळूंना मिळाली नाही. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर ते खेळपट्टीवर रोलर फिरवीत, जाळी बांधीत आणि साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. या कष्टातूनच त्यांची गोलंदाजी घडली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला हरविले, त्या विजयात बाळू होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली धाकट्या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली, तेव्हा कुठे बाळू उपकर्णधार झाले. १९२३मध्ये भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. बाळू १९५५ साली वारले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मुडबीच्या मैदानावर संघ निवडताना आपण खेळ पाहतो की आडनाव? लांब गेलेला चेंडू आणायला नेहमी एकालाच पाठवतो का? पालकांनी आणि विश्वस्तांनीही याचा विचार करावा. खेळाच्या तासाला बॅट प्रत्येकाच्या हाती गेली पाहिजे, असे आम्हाला वाटते.