मळवलीचा छापखाना आणि राजा रविवर्मा

भाजे लेणी पाहायला मळवली स्टेशनवर उतरणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की देवादिकांच्या ज्या तसबिरी आपल्या आज्यांनी 1956 नंतर भिंतीवरून उतरवल्या, त्यांतल्या कितीतरी याच गावात छापल्या गेल्या होत्या. हा छापखाना राजा रविवर्मा यांचा.

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोरातील किळिमानूरचा. आई कवयित्री, घरात गाण्याचे आणि कथकळीचे वातावरण. 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि मग राजेरजवाड्यांची रीघ लागली. संगीत त्यांच्या चित्रांतही आहे. 1889 च्या एका चित्रात त्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या वादक स्त्रिया एकत्र बसवल्या.

पुढे गोमंतकीय कलावंत समाजातील गायिका अंजनीबाई मालपेकर त्यांच्या चित्रांसाठी मॉडेल म्हणून बसल्या. भेंडीबाजार घराण्याच्या या विदुषीला 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. पण त्या काळी कलावंतिणीला प्रतिष्ठितांच्या घरात मान नव्हता. तिचे गाणे हवे, चित्रासाठी तिचा चेहरा हवा, पंगतीला मात्र ती नको! जातिव्यवस्थेचा हा ढोंगीपणा आपल्याला नवा नाही.

1894 मध्ये रविवर्मांनी मुंबईत जर्मन यंत्रांवर शिळाछापाचा कारखाना काढला. प्लेगच्या काळात तो मळवलीला आला. लक्ष्मी, सरस्वती, राम स्वस्तात घरोघर पोहोचले. ज्यांना देवळाची पायरी बंद होती, त्यांच्या झोपडीतही देव आला. काही विद्वान याला क्रांती म्हणतात. मला हे अर्धेच पटते. वकिलीच्या धंद्यात चित्र आणि हक्क वेगवेगळे मोजावे लागतात. रामाची तसबीर घरात लागून तीन दशके झाली, तरी 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि दार उघडले नाहीच. अर्थात रविवर्मांनी ते दार बंद केले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

छापखाना तोट्यात गेला. त्यांनी तो आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. 2 ऑक्टोबर 1906 रोजी रविवर्मा वारले. 1972 मध्ये छापखान्याला आग लागली.

आमच्या आजीकडे लक्ष्मीची एक तसबीर होती. धम्मदीक्षेनंतर तिने ती काढली. चौकट सागवानी, चांगली होती, म्हणून टाकली नाही. त्याच चौकटीत बाबासाहेबांचा फोटो बसवला. तो अजून आमच्या घरात आहे.