विनायक लक्ष्मण भावे : मिठागरवाले ग्रंथसंग्राहक

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, थोर व्यक्तींवर निबंध लिहा म्हटलं की मुलं तीच चार-पाच नावं लिहितात. यावेळी त्यांना आपल्या ठाण्याचं एक नाव सांगून बघा. दिव्याहून मुंब्रा, कळवा आणि पुढचं स्टेशन ठाणे, इतकं ते जवळचं आहे.

विनायक लक्ष्मण भावे यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1871 रोजी पनवेलजवळच्या पळस्पे गावी झाला. शिक्षण विज्ञानाचं, व्यवसाय मिठागरांचा. वेड मात्र जुन्या मराठीचं!

वर्गणीवर चालणारी ग्रंथालयं तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेत बोस्टन, न्यूयॉर्कला 1820 सालीच व्यापारी पेढ्यांवरच्या तरुण कारकुनांसाठी अशी ग्रंथालयं निघाली होती. आपल्याकडेही नेटिव्ह लायब्रऱ्या होत्या, पण तिथे मान इंग्रजी पुस्तकांना. मराठी पुस्तक छापलं, प्रती संपल्या, की ते कुठे शोधायचं? म्हणून 1 जून 1893 रोजी भावे यांनी विष्णु भास्कर पटवर्धन यांच्यासोबत ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं. तेव्हा भावे अवघे 21 वर्षांचे होते. हे वय मुलांना आवर्जून सांगा, जन्मतारीख विसरली तरी चालेल.

छापील पुस्तकांचं असं झालं, पण हस्तलिखितांचं काय? ती तर घराघरांत, मठांत पडून होती. एखादी पोथी वाळवीने खाल्ली, की तो कवीच गेला. जुन्या कविता छापण्यासाठी भावे यांनी 1903 साली 'महाराष्ट्र कवि' हे मासिक काढलं. महानुभावांच्या पोथ्या अभ्यासल्या. संताजी जगनाडे यांच्या वहीवरून तुकोबांचा गाथा छापला. मला स्वतःला हे काम सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण संताजी हे प्रत्यक्ष तुकोबांच्या सोबतचे. (नेपोलियनचं चरित्रही त्यांनी लिहिलंय, बरं का!)

या सगळ्या धडपडीतून 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास तयार झाला. आधी तो लहान होता, 1919 साली बराच वाढवून निघाला. डी.एड.ला आपण त्याचं नुसतं नाव पाठ केलं, आठवतंय ना?

12 सप्टेंबर 1926 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी भावे गेले. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी 'सारस्वत'ला पुरवणी जोडली. संग्रहालय ठाण्यात आजही सुरू आहे. वर्ग घेऊन जाणार असाल तर आधी तिथे विचारून ठेवा आणि मुलांना सगळ्यात जुनं पुस्तक कोणतं ते शोधायला लावा.