श्रीचैतन्य महाप्रभू : रथाआधी केरसुणी

आषाढ महिना उजाडला की महाराष्ट्रातील वारकऱ्यांची पावले पंढरीची वाट चालू लागतात. त्याच शुद्ध पंधरवड्यात भारताच्या पूर्व किनाऱ्यावर ओडिशातील पुरी क्षेत्री श्रीजगन्नाथाची रथयात्रा भरते. आषाढ शुद्ध द्वितीयेस जगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा ही भावंडे आपले महामंदिर सोडून तीन रथांत बसतात आणि सुमारे तीन किलोमीटरांवरील गुंडिचा मंदिरात मुक्कामास जातात. दशमीस त्यांचा परतीचा प्रवास होतो व दुसऱ्याच दिवशी पंढरपुरी आषाढी एकादशीचा सोहळा असतो. जगन्नाथाच्या रथाला १६ चाके, बलभद्राच्या रथाला १४ आणि सुभद्रेच्या रथाला १२. हे रथ दरवर्षी नवीन लाकडाचे घडवावे लागतात.

या यात्रेशी ज्या थोर विभूतीचे नाव कायमचे जोडले गेले, ती म्हणजे श्रीचैतन्य महाप्रभू. हरिनामाच्या गजरात देहभान विसरून नाचणारे संत म्हणून त्यांची ख्याती आहे व ती यथार्थच आहे. परंतु देवाच्या कार्यात हलके काम कोणतेच नसते आणि ज्याला काम नाही असा भक्तही नसतो, ही त्यांची शिकवण तितकीच मोलाची आहे. देवळाच्या उभारणीसाठी घाम आणि पैसा वेचणाऱ्यांनी तर ती अवश्य समजून घ्यावी.

जन्म व बालपण

बंगालमधील नवद्वीप हे त्या काळी विद्येचे मोठे माहेरघर होते. तेथे शके १४०७ च्या फाल्गुन पौर्णिमेस, म्हणजे इ.स. १४८६ साली, चंद्रग्रहणाच्या पर्वावर जगन्नाथ मिश्र व शचीदेवी यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. नाव ठेवले विश्वंभर. घरात मात्र सारे निमाई म्हणत. थोरला भाऊ विश्वरूप हा तरुणपणीच संन्यास घेऊन घराबाहेर पडला. काही काळाने वडीलही निवर्तले. आईचा सारा जीव या एकट्या मुलात गुंतून राहिला.

निमाई बुद्धीने तल्लख होते. लहान वयातच त्यांनी स्वतःची पाठशाळा काढली व व्याकरणाचे पंडित म्हणून नाव मिळविले. पहिली पत्नी लक्ष्मीप्रिया सर्पदंशाने वारली. पुढे विष्णुप्रियादेवींशी त्यांचा विवाह झाला. वडिलांच्या श्राद्धासाठी गयेस गेले असता ईश्वरपुरी या संन्याशाकडून त्यांना मंत्रदीक्षा मिळाली आणि तेथून परतले ते निराळेच होऊन. पंडिताची वादाची हौस पार मावळली. श्रीवास पंडितांच्या अंगणात रात्ररात्र कीर्तन रंगू लागले. पुढे काजीने कीर्तनास बंदी केली, तेव्हा ते शेकडो लोकांसह मशाली घेऊन नामघोष करीत थेट त्याच्या दारी गेले व समजुतीने ती बंदी उठवून आले.

संन्यास आणि आईची आज्ञा

इ.स. १५१० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, काटवा येथे केशव भारतींकडून त्यांनी संन्यास घेतला आणि ‘श्रीकृष्णचैतन्य’ हे नाव धारण केले. घरी म्हातारी आई आणि तरुण पत्नी. दोघींच्या दुःखास पारावार नव्हता. शांतिपुरास अद्वैताचार्यांच्या घरी मायलेकरांची भेट झाली, तेव्हा पुढे राहावे कोठे हा प्रश्न निघाला. मन वृंदावनाकडे ओढ घेत होते, पण वृंदावन फार दूर. शचीमातेने विचार केला की नवद्वीपाहून पुरीला यात्रेकरूंची सतत ये-जा असते. मुलगा तेथे राहिला तर त्याचा संन्यासधर्मही पाळला जाईल आणि आपल्याला त्याची खबरबातही मिळत राहील. संन्यासी झालेल्या पुत्राने आईचा हा शब्द शिरोधार्य मानला. महाप्रभूंचे पुरीतील वास्तव्य आणि पुढची सारी यात्रा यांचे मूळ असे एका मातेच्या शहाणपणात आहे.

पंढरीत भावाचा ठाव

पुरीला आल्यावर थोड्याच दिवसांत ते दक्षिणेच्या यात्रेस निघाले. ही पायी यात्रा सुमारे दोन वर्षे चालली. गोदावरीकाठी रामानंद राय यांची भेट झाली, श्रीरंगम येथे चातुर्मास झाला आणि फिरत फिरत ते पंढरपुरी आले. तेथे एका ब्राह्मणाच्या घरी श्रीरंगपुरी नावाचे वृद्ध संन्यासी उतरले होते. बोलता बोलता त्यांनी नवद्वीपची आठवण काढली. पूर्वी जगन्नाथ मिश्रांच्या घरी आपण जेवलो होतो, त्या माउलीच्या हातची केळफुलाची भाजी अजून स्मरते, असे ते सांगू लागले. त्या घरचा एक मुलगा शंकरारण्य या नावाने संन्यासी झाला व येथे पंढरीतच त्याने देह ठेवला, हेही त्यांनी सांगितले. शंकरारण्य म्हणजेच विश्वरूप, महाप्रभूंचा थोरला भाऊ! लहानपणी दुरावलेल्या भावाचा ठावठिकाणा असा भीमातीरी लागला. महाप्रभू आणखी काही दिवस तेथे राहिले. भीमेचे स्नान व विठ्ठलाचे दर्शन घेऊन मगच ते पुढे निघाले. चरित्रकार कृष्णदास कविराजांनी ‘चैतन्यचरितामृता’त हा प्रसंग नोंदविला आहे.

यात्रेची तयारी

इ.स. १५१२ च्या सुमारास महाप्रभू पुरीस परतल्याची वार्ता बंगालमध्ये पोहोचली आणि रथयात्रा साधून सुमारे दोनशे भक्त पुरीकडे निघाले. तेव्हापासून दरवर्षी हा परिपाठच पडला. आषाढात यायचे, चातुर्मास महाप्रभूंच्या सहवासात घालवायचा आणि मग घरी परतायचे.

त्या काळी हा प्रवास सोपा नव्हता. बंगालचा सुलतान आणि ओडिशाचा गजपती राजा यांच्यात वैर होते. वाटेत मोठमोठ्या नद्या होत्या. जागोजागी जकातीचे नाके असत व माणशी आकार भरल्याखेरीज पुढे सोडत नसत. रेमुणा, जाजपूर, कटक, भुवनेश्वर असे मुक्काम करीत आठवडेच्या आठवडे चालावे लागे. पुढे पुढे बायकामुलेही बरोबर येऊ लागली.

ही सारी जबाबदारी शिवानंद सेन या गृहस्थाने उचलली. नाक्यावरची रक्कम ठरविणे व ती पदरची भरणे, नावा मिळविणे, उतरण्याची जागा बघणे, सर्वांच्या जेवणाची सोय करणे, हे सारे ते वर्षानुवर्षे करीत राहिले. एकदा नाकेदाराने हिशेबासाठी त्यांना अडकवून ठेवले. बाकीची मंडळी पुढे जाऊन झाडाखाली खोळंबली. नित्यानंदांना भूक अनावर झाली. शिवानंद येताच ते त्यांना वाटेल तसे बोलले व त्यांनी लाथही मारली. शिवानंदांच्या भाच्याला हा अपमान सोसला नाही व तो रागाने पुढे निघून गेला. शिवानंदांनी मात्र ते प्रसादासारखे मानले व ताबडतोब सर्वांच्या मुक्कामाची सोय लावली. सार्वजनिक कार्यात जो राबतो त्यालाच बोल ऐकावे लागतात, हा अनुभव काही आजचा नव्हे.

एके वर्षी एक कुत्रा या मेळ्याच्या मागे लागला. शिवानंद त्याला रोज भात घालीत. नदीवर नावाडी कुत्र्याला नावेत घेईना, तेव्हा शिवानंदांनी दहा पण कवड्या मोजून त्याला पार नेले. एका रात्री सेवक त्याला भात घालायला विसरला आणि कुत्रा कोठेतरी निघून गेला. शिवानंदांनी माणसे पाठवून शोध घेतला व तो सापडला नाही म्हणून त्या रात्री स्वतःही उपास केला. पुढे पुरीला पोहोचून पाहतात तो कुत्रा महाप्रभूंजवळ बसलेला आणि महाप्रभू त्याला नारळाचे खोबरे भरवीत असलेले! शिवानंदांनी त्या कुत्र्यालाही दंडवत घातला, असे चरित्रात वर्णन आहे.

गुंडिचा मंदिराची झाडलोट

गुंडिचा मंदिर वर्षातला बहुतेक काळ देवाविना रिकामे असते. साहजिकच तेथे धूळ, पालापाचोळा साचतो. रथयात्रेच्या आदल्या दिवशी हे मंदिर आपण स्वच्छ करावे, अशी परवानगी महाप्रभूंनी मागितली. मंदिराचे अधिकारी संकोचले. एवढ्या थोर संन्याशाने केर काढावा हे त्यांना पटेना. पण महाप्रभूंचा आग्रह पाहून त्यांनी शंभर नवे घडे आणि शंभर केरसुण्या आणून दिल्या.

मग काय विचारता! मुखी नाम आणि हाती केरसुणी. गाभारा, सिंहासन, मंडप, भिंती, अंगण, काहीच सुटले नाही. प्रत्येकाने आपापला केर आपल्याच वस्त्रात भरून बाहेर टाकायचा, असा नेम होता. शेवटी ढीग मोजले जातील व ज्याचा ढीग सर्वांत लहान, त्याने दंड म्हणून गोडधोड खाऊ घालायचे, असेही महाप्रभूंनी थट्टेने ठरविले. ढीग पाहिले तेव्हा सर्वांत मोठा ढीग त्यांचाच भरला. मग शेकडो घडे पाणी ओतून मंदिर धुतले गेले. गर्दीत घड्यावर घडा आपटून किती फुटले त्याची गणती नव्हती. नवे घडे येतच होते. जो नीट काम करी त्याची ते तोंडभरून स्तुती करीत. ज्याला जमत नसे त्याचा हात धरून शिकवीत. देवाचे सिंहासन त्यांनी आपल्या अंगावरच्या वस्त्राने पुसले. या गडबडीत एका भक्ताने त्यांच्याच पायांवर पाणी घालून ते तीर्थ म्हणून प्राशन केले, तेव्हा ते रुष्ट झाले. देवाच्या घरात माणसाने आपली पूजा करून घेणे त्यांना मुळीच मान्य नव्हते.

रथापुढे राजा आणि हरिदास

दुसऱ्या दिवशी रथ निघाले. गजपती प्रतापरुद्र हा बलाढ्य राजा. परंतु प्रथेप्रमाणे तो सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन रथापुढची वाट झाडू लागला व चंदनाचे पाणी शिंपडू लागला. संन्याशाने राजाला भेटू नये म्हणून महाप्रभूंनी आजवर त्याला भेट नाकारली होती. राजाची ही दीन सेवा पाहून त्यांचे मन द्रवले. त्याच यात्रेत राजवस्त्रे उतरवून साध्या वैष्णवाच्या वेषात राजा त्यांच्या पायांशी आला, तेव्हा त्यांनी त्याला हृदयाशी धरले.

महाप्रभूंनी कीर्तनाचे सात मेळे लावले होते. प्रत्येक मेळ्यात दोन, असे एकूण चौदा मृदंग घुमत होते. त्यांतील एका मेळ्यात नाचण्याचा मान हरिदास ठाकूर यांना होता. हरिदास मुसलमान घरात जन्मलेले. हरिनाम सोडावे म्हणून बंगालमध्ये त्यांना फटक्यांची शिक्षा झाली, पण त्यांनी नाम सोडले नाही. पुरीत ते जगन्नाथाच्या मंदिरात जात नसत, नम्रपणे दूरच राहत. महाप्रभूंनी त्यांच्यासाठी बागेतील एक खोली मागून घेतली. तेथून मंदिराच्या शिखरावरील चक्र दिसे. त्याला ते नमस्कार करीत. महाप्रभू त्यांच्या भेटीस स्वतः जात आणि प्रसाद पाठवीत. मंदिराच्या आत जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी देव वर्षातून एकदा रस्त्यावर येतो. त्या देवापुढे नाचण्यास हरिदासांना महाप्रभूंनी पुढे उभे केले. हरिदासांनी देह ठेवला तेव्हा महाप्रभूंनी त्यांचा देह स्वतः उचलला, समुद्रकाठी समाधी दिली आणि उत्सवासाठी दुकानोदुकानी पदर पसरून प्रसादाची भिक्षा मागितली.

एका गावाची दोरी

परतीच्या सोहळ्यात देवाला हलविताना बांधण्याची रेशमी दोरी तुटली. महाप्रभूंनी ती तुटलेली दोरी बंगालमधील कुलीनग्रामच्या मंडळींच्या हाती दिली आणि दरवर्षी बळकट नवी दोरी आणण्याची सेवा त्या गावाकडे सोपविली. कुलीनग्रामकरांनी हे आपले भाग्य समजून ती सेवा वर्षानुवर्षे चालविली. पाणिहाटीच्या राघव पंडितांची बहीण दमयंती वर्षभर टिकतील असे नाना पदार्थ करून पेट्या भरून पाठवी. कोणाला वाटेची सेवा, कोणाला दोरीची, कोणाला फराळाची. आपल्यावाचून देवाचे काम अडेल, असे प्रत्येकाला वाटावे आणि आपल्यामुळे झाले, असे कोणालाच वाटू नये, अशी ही घडी महाप्रभूंनी बसविली.

अखेरची वर्षे

मध्यंतरी वृंदावनाची यात्रा करून आल्यावर शेवटची अठरा वर्षे महाप्रभू पुरीबाहेर गेले नाहीत. काशी मिश्रांच्या घरातील गंभीरा नावाच्या लहानशा खोलीत त्यांचे वास्तव्य होते. त्यांनी स्वतः मोठा ग्रंथ लिहिला नाही. ‘शिक्षाष्टक’ म्हणून आठ श्लोक तेवढे त्यांच्या नावे आहेत. इ.स. १५३३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुरी येथेच त्यांची इहलोकीची यात्रा संपली.

आजही रथयात्रेच्या आदल्या दिवशी त्यांचे अनुयायी केरसुण्या आणि घडे घेऊन गुंडिचा मंदिरात जमतात. आजही गजपती घराण्याचा वंशज रथ झाडतो. देऊळ एकदा बांधून होते, कळस एकदा चढतो. केर मात्र रोज पडतो. गाभारा बांधून देणाऱ्याचे पुण्य थोर आहेच. परंतु तो गाभारा उद्या कोण झाडणार, दाराबाहेर संकोचून उभ्या राहिलेल्याला आत कोण बोलावणार आणि तुटलेली दोरी दरवर्षी कोण नवी आणणार, यांची उत्तरे ज्या गावात तयार असतात, त्या गावातला देव जागता राहतो. महाप्रभूंच्या चरित्राचा हा प्रसाद सर्व ग्रामस्थांस व दात्यांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.