सत्येंद्रनाथ टागोर : सेवेतच रमलेले पहिले भारतीय सनदी अधिकारी

इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत यशस्वी झालेले पहिले भारतीय म्हणून सत्येंद्रनाथ टागोर यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. तथापि, या मानानंतरची तीन दशकांहून अधिक काळाची त्यांची सेवा फारशी परिचित नाही.

महर्षी देवेंद्रनाथ टागोर यांचे द्वितीय पुत्र आणि रवींद्रनाथांचे ज्येष्ठ बंधू असलेल्या सत्येंद्रनाथांचा जन्म १ जून १८४२ रोजी कोलकाता येथे झाला. त्या काळी ही परीक्षा केवळ लंडनमध्येच होत असे. मित्र मनमोहन घोष यांच्यासमवेत ते १८६२ मध्ये इंग्लंडला गेले आणि १८६३ मध्ये उत्तीर्ण झाले. घोष यांना मात्र यश लाभले नाही. पुढे ते नामवंत बॅरिस्टर झाले.

मायदेशी परतल्यावर सत्येंद्रनाथांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. भाषा, आहार, चालीरीती सारेच अपरिचित होते. वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे अहमदाबाद, कारवार, सातारा अशा दूरदूरच्या ठिकाणी त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. पुत्र सुरेंद्रनाथ यांचा जन्म पुण्यात झाला. न्यायखात्यात जिल्हा न्यायाधीशपदापर्यंत ते पोहोचले. उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. १८९७ मध्ये साताऱ्याहून ते निवृत्त झाले.

पदोन्नतीच्या मापाने पाहिल्यास ही कारकीर्द अपुरी वाटेल. परंतु ज्या प्रांतात नोकरीने नेले, तो प्रांत सत्येंद्रनाथांनी आपलासा केला. ते मराठी आणि गुजराती शिकले. संत तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. येथील लोकजीवनाचा परिचय बंगाली वाचकांना करून देणारा त्यांचा ‘बोम्बाई चित्र’ हा ग्रंथ सेवेत असतानाच, १८८८ मध्ये प्रकाशित झाला.

पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांना पडद्याबाहेर आणून त्यांनी मुंबईस आपल्यासोबत नेले. येथील स्त्रियांचा पेहराव पाहून ज्ञानदानंदिनींनी साडी नेसण्याची जी सुटसुटीत पद्धत स्वीकारली, ती पुढे बंगालमध्ये रूढ झाली. सत्येंद्रनाथांच्या सरकारी निवासस्थानांचा लाभ साहित्यालाही झाला. १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ अहमदाबादच्या शाहीबाग प्रासादात त्यांच्याकडे राहिले; ‘क्षुधित पाषाण’ या कथेचे बीज त्या वास्तूतच सापडते. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक रवींद्रनाथांनी कारवारच्या मुक्कामात लिहिले.

निवृत्तीनंतर कोलकात्यात परतलेल्या सत्येंद्रनाथांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या शीर्षकातच बालपणाच्या जोडीला मुंबई प्रांतातील वास्तव्याला स्थान दिले. नोकरीची ती वर्षे त्यांना किती मोलाची वाटत होती, हे त्यावरून दिसून येते. ९ जानेवारी १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. सर्वोच्च पद न लाभताही सरकारी सेवेत समाधान मिळवता येते, याचे सत्येंद्रनाथांचे जीवन हे एक बोलके उदाहरण आहे.