खाल्लेलं अंगी का लागत नाही? मुडदुसाचं कोडं सोडवणारे एडवर्ड मेलनबी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-स्कॉटलंडच्या कारखान्यांच्या शहरांत पाय वाकलेली मुले गल्लोगल्ली दिसायची. आपल्याकडे ज्याला मुडदूस म्हणतात, तोच हा रोग. हाडांत कॅल्शियम नीट भरत नाही, ती मऊ राहतात आणि अंगाच्या भाराने वाकतात. कुणी कोंदट घरांना दोष देई, कुणी व्यायामाच्या अभावाला. पोरांच्या ताटाकडे बारकाईने पाहिले ते डॉ. एडवर्ड मेलनबी यांनी.

मेलनबी यांचा जन्म १८८४ चा, इंग्लंडमधल्या वेस्ट हार्टलपूल या बंदराच्या गावातला. केंब्रिजला त्यांना गुरू मिळाले फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल पुढे नोबेल मिळवणारे. डॉक्टरकीनंतर ते लंडनच्या किंग्ज कॉलेज फॉर विमेनमध्ये शिकवू लागले. १९१४ मध्ये त्यांचे मे ट्वीडी यांच्याशी लग्न झाले. दात आणि आहार यांवर मे यांनी केलेले कामही मोठेच, पण तो वेगळा विषय.

महायुद्धाच्या त्या वर्षांत मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्ले घरात ठेवून ठरावीक आहारावर वाढवली. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाचे तेल दिले की तो टळायचा. रोगाचे मूळ आहारात आहे, हे १९१९ पर्यंत त्यांनी दाखवून दिले. तेलातला गुण 'अ' जीवनसत्त्वाचा किंवा तशाच एखाद्या घटकाचा असावा, असे त्यांना वाटले. तो निघाला वेगळाच. त्याला पुढे 'ड' जीवनसत्त्व असे नाव पडले. ते उन्हामुळे कातडीतही तयार होते, आणि ही पिल्ले तर घरातच वाढलेली!

पण खरी गंमत धान्यात होती. वेगवेगळ्या धान्यांत ओट सगळ्यात वाईट ठरला. पिल्लू जितकी ओटची पेज जास्त खाई, तितका मुडदूस जास्त. हिशेब काही जुळेना, कारण पांढऱ्या मैद्यापेक्षा ओटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त. जमेला रक्कम दिसते, पण हातात पैसा येत नाही, तसला हा प्रकार. ओट आम्लात उकळला की मात्र त्याचा वाईट परिणाम जाई. म्हणजे धान्यातच काहीतरी आडवे येत होते.

उत्तर मिळायला वीसेक वर्षे गेली. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात असतो. हे आम्ल आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवते, आणि न विरघळणारी ती जोडी तशीच बाहेर पडते. मेलनबी आणि त्यांचे सहकारी हॅरिसन यांनी १९३९ मध्ये हे सिद्ध केले. लोह आणि जस्ताच्या बाबतीतही हे आम्ल असेच वागते, हे नंतर स्पष्ट झाले.

आता कोंड्यासकट धान्य खाऊ नये की काय? तसे नाही. फायटिक आम्ल मोडणारे फायटेज धान्यातच असते. धान्य भिजले, मोड आले, पीठ आंबले की ते कामाला लागते. गव्हात ते भरपूर, ओटमध्ये कमी, आणि भाजण्या-वाफवण्यात उरलेसुरलेही जाते. खानापूरकडच्या नाचणीचेच घ्या. कॅल्शियम भरपूर, पण फायटिक आम्लही आहेच. म्हणून मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व किंवा आंबवलेली आंबील यांतले कॅल्शियम अंगी लागायला सोपे. मोडाच्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले तर 'क' जीवनसत्त्वामुळे त्यातले लोहही जास्त शोषले जाते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जास्त कोंड्याचा पाव सक्तीने आला. मॅकन्स आणि विडोसन यांनी माणसांवरच चाचण्या घेतल्या, तेव्हा तपकिरी पावातून कॅल्शियम कमी शोषले जाते असे दिसले. मग सरकारने पिठात चक्क खडूची भुकटी मिसळायला लावली. देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे सचिव तेव्हा मेलनबीच होते. १९३३ ते १९४९ हे पद त्यांच्याकडे होते.

निवृत्तीनंतर हा माणूस भारतात आला, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे ते पहिले संचालक. छत्तर मंझिल या जुन्या राजवाड्यात थाटलेल्या या संस्थेचे उद्घाटन फेब्रुवारी १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. संस्थेची घडी बसवून मेलनबी मायदेशी परतले आणि पुन्हा प्रयोगशाळेत रमले. ३० जानेवारी १९५५ रोजी लंडनजवळ मिल हिल इथे त्यांचे निधन झाले.