साठावा गोल

५ मे १९२८. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहर. शनिवारचा दिवस होता. गुडिसन पार्कचे मैदान प्रेक्षकांनी फुलून गेले होते. एव्हर्टन आणि आर्सेनल या दोन संघांत फुटबॉलचा सामना होणार होता. खरे तर साखळी स्पर्धेचे विजेतेपद एव्हर्टनने आधीच मिळवले होते. या सामन्यात संघ हरला असता तरी काही बिघडणार नव्हते. मग एवढे लोक कशासाठी जमले होते?

ते जमले होते एकवीस वर्षांच्या एका खेळाडूसाठी. त्या हंगामात त्याने साखळी सामन्यांत ५७ गोल केले होते. आणखी तीन गोल झाले, तर त्याचे साठ गोल पूर्ण होणार होते. इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत तोवर एका हंगामात साठ गोल कोणीही केले नव्हते.

त्या खेळाडूचे नाव होते विल्यम राल्फ डीन. लोक त्याला ‘डिक्सी’ डीन म्हणत. त्याला मात्र हे टोपणनाव आवडत नसे. आपल्याला ‘बिल’ म्हणावे, असे त्याला वाटे.

विल्यमचा जन्म २२ जानेवारी १९०७ रोजी बर्कनहेड या गावी झाला. मर्सी नदीच्या एका काठावर लिव्हरपूल आहे आणि दुसऱ्या काठावर बर्कनहेड. त्याचे वडील रेल्वेत इंजिनचालक होते. घरची परिस्थिती बेताचीच होती. लहानपणी विल्यम पहाटे उठून घरोघरी दूध पोचवण्याच्या कामात मदत करी.

विल्यम आठ वर्षांचा असताना वडील त्याला नदीपलीकडे एव्हर्टनचा सामना दाखवायला घेऊन गेले. हिरवेगार मैदान, निळे सदरे घातलेले खेळाडू आणि प्रेक्षकांचा जल्लोष पाहून तो हरखून गेला. मोठेपणी याच संघातून खेळायचे, असे त्याने मनाशी ठरवले.

चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि तो रेल्वेच्या कारखान्यात फिटरचे काम शिकू लागला. तेथे रात्रपाळीत उंदरांचा फार सुळसुळाट असे. त्यामुळे इतर मुले रात्रपाळीला कंटाळत. विल्यमने ती आनंदाने मागून घेतली. रात्री काम केले म्हणजे दिवसा फुटबॉल खेळायला वेळ मिळणार होता!

सोळाव्या वर्षी तो ट्रॅनमिअर रोव्हर्स या जवळच्याच लहान संघात आला. १९२४-२५ च्या हंगामात त्याने या संघासाठी साखळी सामन्यांत २७ गोल केले. मोठमोठ्या संघांचे लक्ष त्याच्याकडे गेले. मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनने ट्रॅनमिअरला तीन हजार पौंड देऊन त्याला आपल्या संघात घेतले. लहानपणी पाहिलेले स्वप्न अठराव्या वर्षी खरे झाले.

त्याच वर्षी फुटबॉलच्या एका नियमात बदल झाला. पूर्वी एखाद्या खेळाडूकडे पुढे चेंडू टाकला, तर तो खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. तसे नसेल तर तो ऑफसाइड ठरे. आता तिनाऐवजी दोन खेळाडू पुरेसे झाले. त्यामुळे पुढे खेळणाऱ्यांना मोकळीक मिळाली आणि गोलांची संख्या वाढली. १९२५-२६ च्या हंगामात डीनने ३२ गोल केले. त्याने डोक्याने मारलेला चेंडू इतका जोरदार असे की, गोलरक्षकांना तो अडवणे कठीण जाई.

पण जून १९२६ मध्ये त्याच्यावर मोठे संकट कोसळले. वेल्समधील हॉलीवेल गावाजवळ त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. त्याच्या डोक्याचे हाड आणि जबडा मोडला. तो वाचेल की नाही, याचीच सर्वांना काळजी वाटू लागली. तो वाचला, पण पुन्हा फुटबॉल खेळू शकेल, असे डॉक्टरांना वाटत नव्हते. ज्या डोक्याने तो गोल करी, त्याच डोक्याला जबर दुखापत झाली होती. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा असे. पावसात भिजला की तो आणखी जड होई. अशा चेंडूवर पुन्हा डोके मारण्याची कल्पनाही भीतिदायक होती.

डीन मात्र खचला नाही. त्याने विश्रांती घेतली, हळूहळू सराव सुरू केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मैदानावर परतला. आला तो पहिल्यासारखाच उंच उडी घेऊन चेंडू डोक्याने मारू लागला. त्या हंगामात उशिरा येऊनही त्याने २१ गोल केले. पण त्याचा संघ फार मागे पडला होता. प्रथम श्रेणीच्या बावीस संघांत एव्हर्टनचा विसावा क्रमांक आला. खालच्या श्रेणीत जाण्याची नामुष्की थोडक्यात टळली.

असा हा संघ पुढच्याच वर्षी अव्वल ठरेल, असे कोणाला वाटले असेल? १९२७-२८ च्या हंगामाची सुरुवात झाली आणि डीन गोलामागून गोल करू लागला. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एव्हर्टनने पाच गोल केले. ते पाचही एकट्या डीनचे होते! फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मात्र संघाला विजय मिळेनासा झाला. हडर्सफील्ड टाउन हा संघ पुढे निघून जाईल, असे वाटू लागले. पण एव्हर्टनने पुन्हा उचल खाल्ली आणि अखेर विजेतेपद मिळवले.

आता प्रश्न उरला होता विक्रमाचा. आदल्याच वर्षी मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने द्वितीय श्रेणीत ५९ गोल केले होते. दोन सामने उरले, तेव्हा डीनचे ५३ गोल झाले होते. दोन सामन्यांत सात गोल करायचे, म्हणजे जवळजवळ अशक्य गोष्ट! पण २८ एप्रिलला बर्नलीविरुद्ध त्याने चार गोल केले. राहिले तीन.

आर्सेनलविरुद्धचा सामना सुरू झाला. पहिला गोल आर्सेनलने केला. डीनने लगेच बरोबरी साधली. थोड्याच वेळात पेनल्टी मिळाली आणि त्याने दुसराही गोल केला. आता हवा होता फक्त एक. आर्सेनलनेही बरोबरी केली. मध्यंतर झाले. वेळ भराभर सरत होता. आर्सेनलचे खेळाडू डीनला क्षणभरही मोकळे सोडत नव्हते. प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागला होता. सामना संपायला काही मिनिटे उरली असताना एव्हर्टनला कॉर्नर किक मिळाली. ॲलेक ट्रूप या ठेंगण्या खेळाडूने चेंडू उंच टोलवला. डीनने उडी मारली आणि चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. साठावा गोल! सारे मैदान दुमदुमून गेले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. पण त्याचे कोणालाच वाईट वाटले नाही.

त्या हंगामात एव्हर्टनने एकूण १०२ गोल केले. त्यांपैकी ६० डीनचे होते, तेही फक्त ३९ सामन्यांत. एवढे करूनही त्याला फार पैसा मिळाला नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये कोणत्याही खेळाडूला आठवड्याला आठ पौंडांपेक्षा अधिक वेतन देता येत नसे.

पुढे १९३० मध्ये एव्हर्टनचा संघ खालच्या श्रेणीत गेला. पडत्या काळात डीनने संघाची साथ सोडली नाही. पुढच्याच हंगामात संघ वर आला आणि १९३२ मध्ये पुन्हा विजेता ठरला. १९३३ मध्ये डीनच्या नेतृत्वाखाली एव्हर्टनने एफ. ए. चषकही जिंकला. इंग्लंडकडून तो १६ सामने खेळला आणि त्याने १८ गोल केले. त्याला अडवण्यासाठी विरोधी खेळाडू अनेकदा लाथा मारत. परंतु त्याने कधी तोल जाऊ दिला नाही. सगळ्या कारकिर्दीत पंचांनी त्याला एकदाही मैदानाबाहेर काढले नाही.

१९३८ मध्ये डीनने एव्हर्टन सोडले. उतारवयात त्याने साधी नोकरी करून पोट भरले. १९७६ मध्ये आजारपणामुळे त्याचा एक पाय कापावा लागला. तरी फुटबॉलचे वेड कमी झाले नाही. १ मार्च १९८० रोजी एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांचा सामना पाहायला तो गुडिसन पार्कवर गेला. तेथेच हृदयविकाराचा झटका येऊन त्याचे निधन झाले. आठ वर्षांचा असताना वडिलांचे बोट धरून तो ज्या मैदानावर आला होता, त्याच मैदानावर त्याने जगाचा निरोप घेतला.

त्यानंतर इंग्लंडमध्ये कितीतरी नामवंत खेळाडू होऊन गेले. पण प्रथम श्रेणीत एका हंगामात साठ गोल करणे आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. आणि हा विक्रम केला तो, पुन्हा खेळू शकणार नाही असे ज्याच्याविषयी डॉक्टरांना वाटले होते, त्या खेळाडूने!